दोन्ही निलयांतून रक्त सारखंच जातं, मग डाव्याची भिंत तिप्पट जाड का?

ओला_चष्मा (प्रश्न)

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा, आणि डावं-उजवं निलय (हृदयाचे खालचे दोन कप्पे) यांची तुलना हमखास विचारतात. नोट्समध्ये दोन रकान्यांचा तक्ता आहे. तो पाठ होतो, पण उलटा प्रश्न आला की गाडी अडते. तीन ठिकाणी अडलंय:

एक. नोट्समध्ये लिहिलंय, 'डावं निलय सगळ्या शरीराला रक्त देतं, उजवं फक्त फुफ्फुसांना, म्हणून डाव्याची भिंत जाड.' दर ठोक्याला दोन्हींतून सारखंच रक्त बाहेर पडत असेल तर हे कारण पटत नाही. अंतर जास्त म्हणून जाड, असं आहे का?

दोन. स्पेसिमेनमध्ये वरच्या मोठ्या नळ्या कापलेल्या असतील तर नुसतं आतून बघून कोणतं निलय ते कसं सांगायचं? भिंतीची जाडी सोडून.

तीन. उजवं निलय नसलं तरी माणूस जगतो, असं वर्गात एकाने ठामपणे सांगितलं. खरं आहे का? आणि खरं असेल तर त्या बाजूच्या हार्ट अटॅकचा एवढा बाऊ का करतात?

---

पारा_एकशेवीस

पहिला प्रश्न घेतो. तुमची शंका बरोबर आहे आणि नोट्समधलं वाक्य अर्धवट आहे. मुद्दा अंतराचा नाही, रोधाचा आहे.

आडवं पडलेल्या निरोगी माणसाच्या दोन्ही बाजूंनी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त जातं. महाधमनीतला सरासरी दाब ९३ मिमी पारा, उजव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) ३ च्या आसपास. म्हणजे ५ लिटर ढकलायला ९० चा फरक लागला. भागाकार केला की १८ वुड युनिट (रोध मोजायचं एकक). आता फुफ्फुसांची बाजू: फुफ्फुस धमनीत सरासरी १५, डाव्या अलिंदात ८, फरक फक्त ७. सातला पाचाने भागलं की १.४. प्रवाह तोच, रोध बारा-तेरा पटींनी कमी. परीक्षेत हा भागाकार कागदावर करून दाखवा, पाठांतराच्या चार ओळींपेक्षा जास्त गुण देईल.

रोध एवढा कमी का? शरीराकडच्या छोट्या धमन्यांच्या भिंतीत भरपूर स्नायू असतो, तोटी आवळून ठेवल्यासारखा. कोणत्या अवयवाला किती रक्त द्यायचं हे तिथे ठरतं. फुफ्फुसात वाटणी करायची गरज फारशी नसते. तिथल्या नळ्या पातळ, रुंद आणि सहज ताणल्या जाणाऱ्या. शिवाय विश्रांतीच्या वेळी बऱ्याच केशवाहिन्या मिटलेल्या असतात. पळताना प्रवाह तीन-चार पट झाला की त्या उघडतात, त्यामुळे दाब त्या मानाने थोडाच वाढतो.

आणि हा दाब कमी असणं ही चैन नाही, गरज आहे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा. केशवाहिनीतला दाब ७ ते १० असतो आणि रक्तातल्या प्रथिनांची पाणी धरून ठेवायची ओढ २५ च्या आसपास. केशवाहिनीतला दाब या २५ जवळ गेला की पाणी बाहेर झिरपायला लागतं, फुफ्फुसात साचतं. डाव्या निलयाचा १२० चा दाब तिथे लावला तर श्वास घेणंच संपलं.

आता भिंत. पोकळीतला दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट, म्हणजे भिंतीवरचा ताण: हा लाप्लासचा नियम. दाब वाढला की ताण वाढतो, स्नायू जाड झाला की तो ताण जास्त तंतूंत वाटला जातो. उजव्या निलयाचा आकुंचनातला दाब २५, डाव्याचा १२०, जवळजवळ पाचपट. मग भिंत पाचपट का नाही, तिप्पटच का? एक कारण हे की उजव्याची बाहेरची भिंत सपाट आहे, तिच्या वक्रतेची त्रिज्या मोठी, म्हणून दाबाच्या मानाने तिला थोडी जास्त जाडी लागते. (उजव्याला हे सूत्र ओढूनताणूनच लागतं, कारण ते गोल नाही. तोंडी परीक्षेत एवढं खोलात जाऊ नका, विचारलं तरच सांगा.)

काम मोजायचं तर दाब गुणिले घनफळ. डावीकडे ९३ × ७० मिली, ज्यूलमध्ये साधारण ०.८७. उजवीकडे १५ × ७०, म्हणजे ०.१४. रक्त तेवढंच, काम सहावा हिस्सा.

इजेक्शन फ्रॅक्शनवरही (भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं यावरही) हाच घोळ होतो. उजव्याचं ४५ ते ६० टक्के, डाव्याचं ५५ ते ७०, म्हणून उजवं कमी रक्त ढकलतं असं मुलं लिहितात. तसं नाही. उजव्याची पोकळी थोडी मोठी असते. समजा डावं १२० मिली भरलं आणि ५० उरलं, तर ७० गेलं, ५८ टक्के. उजवं १३५ भरलं आणि ६५ उरलं, तरी ७०च गेलं, ५२ टक्के. छेद मोठा म्हणून टक्केवारी लहान.

---

काचपट्टी

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. 'अगदी सारखंच' हे काटेकोर बघितलं तर थोडं चुकतं. श्वासनलिकांना रक्त महाधमनीकडून जातं, पण त्यातलं बरंचसं उजव्या अलिंदात न येता फुफ्फुसांच्या शिरांतून थेट डावीकडे येतं. त्यामुळे डाव्याचं उत्पादन १ ते २ टक्के जास्त असतं. एखादा परीक्षक मुद्दाम हे विचारतो.

बाकी समतोल मात्र फार कडक. उजव्याने दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिली जास्त ढकललं असं धरा. मिनिटाला ७० मिली, तासाला ४ लिटरच्या वर रक्त फुफ्फुसात अडकलं, आणि शरीरात एकूण रक्तच ५ लिटर! तसं होत नाही, कारण डावीकडे जास्त रक्त आलं की डावं जास्त ताणलं जातं आणि पुढच्या काही ठोक्यांत जास्त जोराने आकुंचन पावतं. फ्रँक-स्टार्लिंगचा नियम म्हणून आलेख काढायला लावतात, त्याचं खरं रोजचं काम हे: दोन पंपांचा हिशोब जुळवणं.

दुसरा प्रश्न आता. जाडीवर भिस्त ठेवू नका हे तुम्ही आधीच ओळखलंय, छान. फुफ्फुसातला दाब वर्षानुवर्षं वाढलेला असेल तर उजव्याची भिंत डाव्याएवढी जाड होते. जुन्या अटॅकनंतर डाव्याचा एखादा भाग कागदासारखा पातळ होतो. म्हणून आतल्या खुणा बघायच्या.

सगळ्यात भरवशाची खूण झडपांची. उजव्यात रक्त आत येतं त्या त्रिदली झडपेच्या आणि बाहेर जातं त्या फुफ्फुसी झडपेच्या मध्ये स्नायूचा जाड कठडा असतो, त्यामुळे दोन्ही झडपा एकमेकींपासून लांब. बाहेर जायचा रस्ता म्हणजे गुळगुळीत, नळीसारखा स्नायूचा भाग, त्याला इन्फंडिब्युलम म्हणतात. डाव्यात असा कठडा नाही. द्विदली झडपेची पुढची पाकळी आणि महाधमनीची झडप तंतुमय पट्ट्याने एकमेकींना चिकटून असतात. ती पाकळी म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रक्ताच्या मधला पडदा. बोट आत घालून दोन झडपांच्या मध्ये मांस लागलं तर उजवं, नुसती पाकळी लागली तर डावं.

दुसरी खूण मधल्या पडद्यावर. त्रिदली झडपेच्या काही दोऱ्या थेट पडद्याला चिकटलेल्या असतात. द्विदलीच्या निरोगी हृदयात कधीच नाही, तिच्या सगळ्या दोऱ्या दोन दणकट पॅपिलरी स्नायूंवरच. उजवीकडे पॅपिलरी तीन, त्यातला पडद्याजवळचा इतका बारका की पुष्कळदा सापडतच नाही.

तिसरी, आतल्या स्नायूंच्या दोरखंडांची जाळी. उजव्यात, विशेषतः टोकाकडे, जाडीभरडी. डाव्यात बारीक आणि नाजूक, आणि पडद्याचा वरचा अर्धा भाग अगदी साफ. उजव्यातला एक जाड दोरखंड पडद्यावरून निघून पोकळीतून आडवा जातो आणि पुढच्या पॅपिलरी स्नायूच्या बुडाशी पोचतो. तो मॉडरेटर बँड. विजेच्या संदेशाची उजवी शाखा त्याच्यातून जाते, म्हणजे समोरच्या भिंतीपर्यंत लांबचा वळसा न घेता थेट पूल. परीक्षक पिनेने हा दाखवून 'आत काय आहे?' विचारतात. उत्तर फक्त स्नायू नाही, उजवी बंडल शाखा.

आणखी एक: त्रिदली झडपेची पडद्याजवळची पाकळी द्विदलीपेक्षा थोडी खाली, टोकाकडे चिकटलेली असते. हा फरक शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ८ मिमीपेक्षा जास्त भरला की एब्स्टाइनचा दोष (त्रिदली झडपेचा जन्मजात दोष) समजतात.

या खुणा नुसत्या परीक्षेपुरत्या नाहीत. काही मुलांत जन्मतःच निलयांची अदलाबदल झालेली असते. रचनेने 'उजवं' असलेलं निलय डावीकडे बसतं आणि महाधमनीला रक्त देतं. तिथे जागेवरून नाव दिलं तर सगळंच चुकेल, मॉडरेटर बँड आणि झडपांवरूनच ओळखावं लागतं. असं उजवं निलय शरीराचा दाब कित्येक दशकं पेलतं, पण मध्यम वयात ते थकणं आणि त्रिदली झडप गळायला लागणं हे वारंवार दिसतं.

---

भाता_आणि_पिळा

आकुंचनाची तऱ्हा कोणी लिहिली नाही. खरा फरक तिथे आहे, आणि फिजिओवाल्यांना पुढे इको (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट वाचताना तोच लागतो.

आडवा काप घेतला तर डावं निलय गोल वर्तुळ, आणि उजवं त्याला एका बाजूने बिलगलेली चंद्रकोर. डाव्याचे तंतू बाहेरून एका दिशेने तिरके, मधे आडवे गोल, आतून उलट्या दिशेने तिरके. त्यामुळे आकुंचनात टोक एका बाजूला फिरतं आणि वरचा भाग दुसऱ्या बाजूला. ओला पंचा पिळतो तसा पिळा पडतो. सैल होताना तो पिळा झटक्यात सुटतो, आणि त्या ओढीने पुढचं रक्त आत खेचलं जातं.

(नोट्समध्ये 'डाव्यात तीन थर, उजव्यात दोन' असं असतं. थर म्हणजे पुठ्ठ्यासारखे वेगळे काढता येणारे पापुद्रे नव्हेत. भिंतीत आत जाताना तंतूंचा कोन हळूहळू बदलत जातो. 'थर' हा सोयीचा शब्द.)

उजव्यात मधल्या आडव्या तंतूंचा भाग नावालाच. आतले उभे तंतू जास्त काम करतात: त्रिदली झडपेचं कडं टोकाकडे खेचलं जातं. जोडीला बाहेरची भिंत पडद्याकडे सरकते, लोहाराच्या भात्यासारखी. भाता मोठ्या पृष्ठभागाचा असतो, थोडी हालचाल झाली की बरीच हवा बाहेर जाते, पण जोर कमी. तसंच हे. म्हणून इकोमध्ये त्रिदलीचं कडं किती मिमी सरकलं ते मोजतात, त्याला टॅप्सी म्हणतात. १७ मिमीपेक्षा कमी असेल तर उजव्याचं काम कमी झालंय असं धरतात. हा आकडा फक्त उभी हालचाल सांगतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर टॅप्सी बराच घसरतो, पण उजवं निलय तेवढं बिघडलेलं नसतं. एका आकड्यावर निकाल देऊ नये.

तिसरी गोष्ट, मधला पडदा दोघांचा सामाईक. डावं आकुंचन पावतं तेव्हा उजव्यालाही मदत होते. उजव्यातल्या दाबाचा २० ते ४० टक्के भाग डाव्याच्या आकुंचनातून येतो असं प्रयोगांत दिसलंय. हे लक्षात ठेवा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

वेळेचं गणित थोडक्यात. आकुंचन डाव्याचं किंचित आधी सुरू होतं, पण रक्त बाहेर जायला उजव्यातून आधी लागतं. महाधमनीची झडप उघडायला ८० पर्यंत दाब चढवावा लागतो, फुफ्फुसीला १० पुरतात. संपतानाही उजवं उशिरा संपतं. समोरचा रोध कमी असल्याने दाब उतरायला लागला तरी रक्त स्वतःच्या वेगाने पुढे जात राहतं. म्हणून महाधमनीची झडप आधी मिटते, फुफ्फुसी मागून. श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरतो, उजवीकडे जास्त रक्त येतं, ते बाहेर काढायला वेळ लागतो, आणि या झडपा मिटतानाचा हृदयाचा दुसरा आवाज फुटून दोन ऐकू येतात. स्टेथोस्कोप उरोस्थीच्या डाव्या कडेला, दुसऱ्या फासळीच्या खालच्या जागेत ठेवा. बारीक अंगाच्या तरुण माणसात सहज ऐकू येतं.

याच कारणाने दाब-घनफळाचा आलेख डाव्याचा चौकोनी दिसतो, कारण दोन्ही झडपा मिटलेल्या असतात ते टप्पे स्पष्ट असतात. उजव्याचे ते टप्पे इतके तोकडे की आकृती त्रिकोणाकडे झुकते. दोन्ही आलेख एकाच आकाराचे आणि फक्त उंचीत वेगळे काढले तर ते चूक धरतात.

---

ओला_चष्मा

वुड युनिटचा भागाकार वहीत करून बघितला, पटलं. आता तिसऱ्या प्रश्नाचं कोणी लिहा ना. पडद्याची मदत आणि उजव्याशिवाय जगणं, हे कसं जुळतं? शिवाय सीनियरच्या नोट्समध्ये 'उजव्या निलयाच्या अटॅकमध्ये जिभेखालची गोळी नको' एवढंच आहे, कारण नाही.

---

चौथी_जागा_उजवी

तुमच्या वर्गमित्राचं विधान जुन्या प्रयोगांवरून आलेलं आहे, पण अर्धं सोडून. १९४३ मध्ये स्टार आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या निलयाची बाहेरची भिंत जाळून निकामी केली. शिरांमधला दाब फारसा वाढला नाही. त्यावरून बराच काळ असं धरलं गेलं की उजवं निलय म्हणजे नुसती जाण्यायेण्याची खोली. पुढे १९७१ मध्ये फाँटाँ यांची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. एकच चालणारं निलय घेऊन जन्मलेल्या मुलांत शरीराकडून येणारं रक्त निलयाला वळसा घालून थेट फुफ्फुसात सोडतात. ती मुलं जगतात. इथपर्यंत वर्गमित्र बरोबर.

सोडलेलं अर्धं असं: त्या कुत्र्यांच्या फुफ्फुसांतला रोध कमी होता, मधला पडदा शाबूत होता, आणि हृदयाभोवतीचं आवरण उघडलेलं होतं, त्यामुळे फुगलेल्या उजव्याने डाव्याला दाबलं नाही. फाँटाँमध्येही फुफ्फुसांतला रोध कमी असणं ही पहिली अट, आणि किंमत म्हणून शिरांमधला दाब कायम वाढलेला राहतो. वर्षं गेली की यकृत, आतडी, लसीका यांच्यावर त्याचा परिणाम होतो. म्हणजे उजव्याशिवाय चालतं ते फुफ्फुसांची वाट मोकळी असेल तर. रोध वाढला की उजवं निलय नसणं किंवा थकणं जीवघेणं.

उजवं निलय घनफळ झेलतं, दाब झेलत नाही. अलिंदांमधल्या पडद्याला भोक असेल तर उजव्यातून दुप्पट रक्त वर्षानुवर्षं जातं आणि माणूस पंचविशी-तिशीपर्यंत कुरकुर न करता हिंडतो. पण पायातली गुठळी अचानक फुफ्फुसात जाऊन अडकली तर पातळ भिंतीचं, सराव नसलेलं उजवं निलय फुफ्फुस धमनीत सरासरी ४० मिमी पाऱ्याच्या वर दाब तयार करू शकत नाही. ते फुगतं आणि हरतं. म्हणून इकोमध्ये आकुंचनातला दाब ७०-८० दिसला तर तो कालपरवाचा नसतो, भिंतीला जाड व्हायला महिने मिळालेले असतात. एवढ्या एका गोष्टीवरून ताजा आजार आणि जुना आजार वेगळे करता येतात.

हरण्याचं चक्र असं फिरतं. उजवं फुगलं की सामाईक पडदा डावीकडे ढकलला जातो. बाहेरचं आवरण ताणत नाही, त्यामुळे डाव्याला भरायला जागा उरत नाही. डाव्यातून कमी रक्त गेलं की रक्तदाब उतरतो. रक्तदाब उतरला की उजव्या हृदयधमनीतून उजव्यालाच मिळणारं रक्त कमी होतं, आणि ते आणखी फुगतं. आडव्या कापात तेव्हा डावं गोल न राहता इंग्रजी डी अक्षरासारखं चपटं दिसतं. नुसतं घनफळ जास्त असेल तर ते सैल होताना चपटं आणि आकुंचनात पुन्हा गोल. दाब जास्त असेल तर दोन्ही वेळा चपटं.

त्या रक्तपुरवठ्याचं आणखी थोडं, कारण तुलनेत हा मुद्दा राहूनच जातो. डाव्याच्या भिंतीत आकुंचनाच्या वेळी दाब इतका असतो की आतल्या थरातलं रक्त थांबतं, म्हणून तिला रक्त मिळतं ते मुख्यतः सैल होताना. नाडी फार वेगाने चालली की हा सैलपणाचा काळ आखडतो आणि डाव्याची उपासमार होते. उजव्याच्या भिंतीत दाब २५, हृदयधमनीत १२०, त्यामुळे तिला दोन्ही वेळा रक्त मिळतं. फुफ्फुसांतला दाब चढला की हा फायदा जातो, आणि हृदयधमन्या साफ असूनही छातीत दुखतं.

आता अटॅक. हृदयाच्या खालच्या भागाच्या अटॅकपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्यांत उजवं निलयही गुंतलेलं असतं, कारण दोन्हींना रक्त देणारी उजवी हृदयधमनी बहुतेकांत एकच. त्रिकूट पाठ करा: रक्तदाब उतरलेला, मानेची शीर फुगलेली, फुफ्फुसं मात्र साफ. ढकलायचा जोर गेलेला असताना उजव्याचं काम शिरांकडून येणाऱ्या रक्ताच्या भरण्यावर चालतं. जिभेखालची नायट्रेटची गोळी शिरा सैल करते, रक्त पायात आणि पोटात साचतं, भरणा आटतो, रक्तदाब कोसळतो. लघवीच्या गोळ्यांचंही तेच. तुमच्या नोट्समधलं कारण हे.

याच्या उलट चूक म्हणजे सलाईनचा मारा. 'उजव्याचा अटॅक म्हणजे पाणी द्या' असं सोपं करून ठेवलंय. मानेची शीर फुगलेली नसेल तर साधारण ५०० मिली देऊन काय होतं ते बघतात. आधीच फुगलेल्या निलयात आणखी ओतलं तर पडदा अजून डावीकडे सरकतो आणि रक्तदाब वाढायच्या ऐवजी उतरतो. तेव्हा आकुंचन वाढवणारी आणि रक्तदाब धरून ठेवणारी औषधं लागतात. व्हेंटिलेटरवर जास्त दाबाची हवा दिली तरी उजव्याला दुहेरी फटका: भरणा कमी आणि समोरचा रोध जास्त. (हे परीक्षेसाठी लिहितोय, घरी कोणाच्या छातीत दुखत असेल तर धागा वाचत बसू नका, १०८ लावा.)

ईसीजीत पकडायचं तर नेहमीच्या बारा लीडमध्ये उजवं निलय जवळजवळ दिसत नाही. छातीवर डावीकडे लावायचं व्ही४ चं इलेक्ट्रोड उचलून उजवीकडे लावतात: पाचवी फासळीमधली जागा, उजव्या कॉलरबोनच्या मध्यावरून खाली येणारी रेघ. तिथे रेघेतला एसटी भाग १ मिमी किंवा जास्त उचललेला दिसला की उजवं गुंतलंय. निम्म्या लोकांत हा बदल दहा-बारा तासांत पुसला जातो, म्हणून पहिल्याच ईसीजीला काढायचा. आणि कागदावर 'व्ही४आर' असं पेनने लिहायचं. ते राहिलं तर पुढचा डॉक्टर तो डावा व्ही४ समजून वाचतो.

---

पारा_एकशेवीस

वरच्या 'सराव नसलेलं' या शब्दाला एक जोड. गर्भात उजव्याला भरपूर सराव असतो. तिथे फुफ्फुसं बंद, उजव्यातलं बहुतेक रक्त डक्टस आर्टेरिओससमधून (फुफ्फुस धमनी आणि महाधमनी जोडणाऱ्या गर्भातल्या नळीतून) थेट महाधमनीत जातं, आणि दोघांच्या एकत्रित कामातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा उजव्याचाच. म्हणून जन्मतः दोन्ही भिंती जवळजवळ सारख्या जाड. पहिला श्वास घेतल्यावर फुफ्फुसांतला रोध पडायला लागतो आणि सहा ते आठ आठवड्यांत मोठ्या माणसाच्या जवळ येतो. डाव्याची भिंत वाढत जाते, उजव्याची मागे राहते. नवजात बाळाच्या ईसीजीत उजव्याचा जोर दिसतो तो यामुळे, आजार नव्हे.

उलटंही होतं. हवेत प्राणवायू कमी झाला की फुफ्फुसांतल्या छोट्या धमन्या आवळतात. शरीरातल्या इतर धमन्या अशा वेळी सैल होतात, या मात्र आवळतात. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला विमानाने थेट उतरलेल्या माणसाच्या उजव्या निलयापुढचा रोध काही तासांत वाढलेला असतो. पहिले दोन दिवस पडून राहा म्हणतात त्यामागे हेही एक कारण.

---

काचपट्टी

तोंडी परीक्षेआधी हातात धरून बघायचं असेल तर बोकडाचं हृदय पुरतं. मटणाच्या दुकानात 'काळीज' मागितलं तर यकृत मिळेल. 'दिल' मागा, आणि 'वरच्या नळ्या ठेवून, चिरा न देता' असं आधी सांगा. बहुतेक ठिकाणी ते सवयीने उभं चिरून देतात, मग पडदा आणि झडपा दोन्ही गेल्या.

घरी आणल्यावर वाहत्या पाण्याखाली नळ्यांतून गुठळ्या धुऊन काढा. दोन्ही अलिंदांची कानासारखी टोकं दिसतात ती बाजू आपल्याकडे धरा. चरबी भरलेली एक तिरकी खाच खाली उतरताना दिसेल, मधला पडदा तिच्याखाली. दोन्ही बाजू अंगठ्याने दाबून बघा: मऊ, दबणारी ती उजवी, घट्ट ती डावी. खालचं टोक पूर्णपणे डाव्याचं असतं.

उजवं उघडायला फुफ्फुस धमनीच्या तोंडातून कात्रीचं बोथट टोक आत घाला आणि खाचेला समांतर, तिच्या मऊ बाजूला साधारण १ सेंटिमीटर सोडून खाली कापत या. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे घाईत कात्री खोल जाते आणि मॉडरेटर बँड कापला जातो. बोकडात तो पोकळीतून मोकळा ताणलेला, सुतळीसारखा दिसतो. म्हणून दर सेंटिमीटरला थांबून भिंत उचलून आत बघायचं. डावं त्याच्या बाहेरच्या कडेवर, टोकापासून वर अलिंदापर्यंत उभं चिरायचं, म्हणजे द्विदलीची पुढची पाकळी आणि तिच्या मागे महाधमनी एकदम दिसते. पाकळीखालून बोट वर सरकवा, सरळ महाधमनीत निघतं. उजवीकडे तसंच करून बघा, मधे मांसाचा कठडा आडवा येतो.

चंद्रकोर आणि वर्तुळ बघायचं असेल तर दुसरं हृदय घ्या आणि टोकापासून वर एक तृतीयांश ते मध्य यांच्या दरम्यान पावासारखा आडवा काप काढा. फार खाली कापलं तर उजवं सापडणारच नाही, ते टोकापर्यंत पोचत नाही. जाडी मोजताना पट्टी फक्त सलग भिंतीवर ठेवायची, आतली जाळी आणि पॅपिलरी स्नायू सोडून. ते धरले की उजव्याची जाडी सहज दुप्पट भरते.

आणि डाव्याची पोकळी चिरेएवढी बारीक दिसली तर 'भिंत आजाराने जाड झाली' असं लिहू नका. मेल्यानंतर स्नायू आखडतो, जाड डावं निलय जास्त आखडतं आणि पोकळी मिटते. माणसाच्या स्पेसिमेनमध्येही हेच. इकोमध्ये जिवंत, सैल अवस्थेत डाव्याची भिंत ६ ते १० मिमी आणि उजव्याची ३ ते ५, पण डिसेक्शनच्या पुस्तकात डाव्याची १२-१५ सुद्धा सापडते. दोन्ही बरोबर आहेत. मोजलं कधी, हे आकड्याशेजारी लिहा.